उंची सांगितलेली, वजन आठवलेलं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच शंकेभोवती फिरतात: माणसाने स्वतः सांगितलेल्या उंची-वजनावरून काढलेल्या बीएमआयवर किती विसंबायचं? म्हणून हे पूर्ण सदर त्याच विषयाला दिलं आहे. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या सीमा १८.५ (त्याखाली कमी वजन), २५ (तिथून अतिवजन) आणि ३० (तिथून स्थूल) या आहेत. आशियाई लोकसमूहांसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सुचवले. आकडे हाताशी असलेले बरे, कारण पुढची सगळी चर्चा या सीमांच्या आसपासच घडते.

प्रश्न: आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर मी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो लिहिलं. प्रत्यक्ष मोजल्यावर उंची १६८ आणि वजन ७४ भरलं. फॉर्मप्रमाणे बीएमआय २४.९, तपासणीप्रमाणे २६.२. मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. एवढ्याशा फरकाने गटच कसा बदलतो?

उत्तर: बदलतो, कारण तुमच्या दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात. उंची जास्त सांगितली की भाजक वाढतो, वजन कमी सांगितलं की भाज्य घटतं, आणि बीएमआय दोन्हीकडून खाली येतो. तुमच्या आकड्यांत फक्त उंची चुकली असती तर बीएमआय २५.६ आला असता, फक्त वजन चुकलं असतं तर २५.५. म्हणजे एकेकटी चूक तुम्हाला २५ च्या खाली नेऊ शकली नसती. दोन्ही मिळून घेऊन गेल्या.

यातली उंचीची चूक लोक हलक्यात घेतात, आणि तिथेच फसगत होते. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उंचीत एक टक्का चूक झाली की बीएमआयमध्ये जवळपास दोन टक्के होते. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल तर बीएमआय बरोबर २५ येतो. इथे उंची एक सेंटिमीटर वाढवून सांगणं म्हणजे वजन ८०० ग्रॅमने कमी सांगणं. त्याच उंचीच्या ९० किलोच्या माणसाच्या बाबतीत तोच एक सेंटिमीटर १.१ किलोच्या आसपास जातो. वजन दोन किलोंनी चुकवलं तर माणसाला चुटपुट लागते, उंची दोन सेंटिमीटरने चुकली तर कोणी लक्षही देत नाही.

तुम्ही खोटं बोललात असं कोणीच म्हणणार नाही. सांगितलेली उंची बहुधा कधीतरी विशीत मोजलेली असते, तीही बऱ्याचदा बूट घालून. सांगितलेलं वजन हे शेवटचं मोजलेलं, किंवा मनात ‘आपलं वजन’ म्हणून ठरून गेलेलं वजन असतं. त्यात आकडा गोल करायची सवय: १६८ चे १७० होतात, ७३.६ चे ७२ होतात, पण ७५ सहसा होत नाहीत. देशोदेशीच्या पाहण्यांत हीच दिशा पुन्हा पुन्हा दिसली आहे. उंची वाढवून सांगण्याचा कल पुरुषांत जास्त, वजन कमी सांगण्याचा स्त्रियांत जास्त. वजन जितकं जास्त तितकी घटही मोठी. उलट फार सडपातळ माणसं वजन थोडं वाढवून सांगतात. सगळेच मधल्या आकड्याकडे सरकतात.

प्रश्न: पदव्युत्तर प्रबंधासाठी मी ऑनलाइन फॉर्मवरून सुमारे ४०० जणांची उंची आणि वजन गोळा केलं. त्यातल्या ६० जणांचं प्रत्यक्ष मोजमापही घेतलं. सांगितलेला आणि मोजलेला बीएमआय यांचा सहसंबंध ०.९५ आला. सरासरी फरक (सांगितलेला वजा मोजलेला) −०.९, फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप, १.२. सहसंबंध इतका चांगला असताना उरलेल्यांचा सांगितलेला बीएमआय तसाच वापरला तर चालेल ना?

उत्तर: ६० जणांना मोजण्याचे कष्ट तुम्ही घेतलेत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक प्रबंधांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. पण ०.९५ हा आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. समजा, प्रत्येकाने आपला बीएमआय नेमका ३ ने कमी सांगितला. सहसंबंध बरोबर १ येईल आणि तरी प्रत्येक आकडा चुकलेला असेल. सहसंबंध फक्त क्रम आणि आकडे एका सरळ रेषेत पडतात का एवढंच पाहतो, दोन मोजमापं एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहत नाही. हा घोटाळा ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या लेखात स्वच्छ मांडला. फरकांची सरासरी आणि तिच्याभोवतीच्या सहमतीच्या मर्यादा (साधारण ९५ टक्के फरक ज्यांच्या आत पडतात त्या) काढा, ही त्यांचीच पद्धत.

तुमच्या आकड्यांवर ती लावू. १.९६ गुणिले १.२ म्हणजे २.३५. मर्यादा −३.३ पासून +१.५ पर्यंत जातात. याचा अर्थ, कोणा एकाने सांगितल्यावरून बीएमआय २४ आला तर त्याचा खरा बीएमआय २२.५ असू शकतो आणि २७ च्या पुढेही असू शकतो. बीएमआय वाढेल तसा रक्तदाब वाढतो का, अशा प्रश्नासाठी हे बहुधा निभावून जाईल. ‘आमच्या नमुन्यात इतके टक्के स्थूल’ असं वाक्य लिहायचं असेल तर निभावणार नाही.

ते का, हे एका कल्पित उदाहरणाने पाहा. १,००० माणसं, त्यांतली २०० खरोखर बीएमआय ३० किंवा जास्त असलेली. या २०० पैकी १५० जणांचा सांगितलेला बीएमआयही ३० च्या वर येतो, ५० खाली घसरतात. उरलेल्या ८०० पैकी फक्त ८ जण चुकून वर चढतात. तुमच्या तक्त्यात येतील १५८, म्हणजे १५.८ टक्के. खरा आकडा २०. इथे संवेदनशीलता (खरोखर स्थूल असलेल्यांपैकी किती पकडले गेले) ७५ टक्के आणि विशिष्टता (स्थूल नसलेल्यांपैकी किती बरोबर बाहेर राहिले) ९९ टक्के आहे. सांगितलेल्या आकड्यांची गत साधारण अशीच असते: ज्याला ते स्थूल म्हणतात तो बहुधा स्थूल असतोच, पण जे खरोखर स्थूल आहेत त्यांतले बरेच निसटतात. या दोन्ही गोष्टी ठाऊक असतील तर प्रमाण दुरुस्त करता येतं: दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून त्यातून १ वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १ ने भागायचं. वरच्या उदाहरणात ०.१४८ भागिले ०.७४, उत्तर ०.२०.

आणखी एक धोका आहे, तो कमी लोकांच्या लक्षात येतो. निसटलेली ५० माणसं हवेत विरत नाहीत, ती खालच्या ‘अतिवजन’ गटात जाऊन बसतात. त्यांचा आजाराचा धोका मुळात जास्त असतो, त्यामुळे त्या अख्ख्या गटाचा धोका फुगून दिसतो. मोजमापातल्या चुकीमुळे संबंध नेहमी क्षीणच दिसतो असं अनेक मार्गदर्शक सांगतात. इथे चूक वजनागणिक वाढत असल्यामुळे ते गृहीत धरता येत नाही.

आता तुमच्या हातात असलेल्या गोष्टी. ६० जणांवरून दुरुस्तीचं समीकरण बसवा. मोजलेला आकडा डावीकडे, सांगितलेला उजवीकडे, सोबत वय आणि लिंग. ही बाजू उलटी लावण्याची चूक सर्रास होते. उंची आणि वजन यांची समीकरणं वेगळी बसवा आणि दुरुस्त आकड्यांवरून बीएमआय काढा, कारण दोन्हींतल्या चुकांची कारणं वेगळी आहेत. दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या वयोगटातल्या अभ्यासातलं तयार समीकरण उचलून लावू नका, चुकण्याच्या सवयी सगळीकडे सारख्या नसतात.

समीकरण लावण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा: ते ६० जण निवडले कसे? ‘मोजून घ्यायला कोण तयार आहे’ असं विचारून निवडले असतील तर वजनाबद्दल संकोच असलेली माणसं त्यात नाहीत, आणि मोठी चूक त्यांचीच असते. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक हवी. शिवाय ज्यांना आधी ‘नंतर मोजणार आहोत’ असं सांगितलं जातं ती माणसं जास्त खरं सांगतात. फक्त त्या ६० जणांनाच ते सांगितलं असेल तर त्यांच्या चुकीवरून उरलेल्यांची चूक कळणार नाही. पुढच्या वेळी संमतिपत्रात सगळ्यांसाठी एकच वाक्य घाला: ‘सहभागींपैकी काही जणांचं प्रत्यक्ष मोजमाप घेतलं जाईल.’ कोणाचं, हे आधी सांगायचं नाही. यात फसवणूक नाही आणि सगळे एका पातळीवर येतात. संख्या १०० पर्यंत नेता आली तर सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी (त्या सरासरीतली अनिश्चितता) ०.१५ वरून ०.१२ वर येईल.

मोठ्या पाहण्याही याच पेचातून जातात. अमेरिकेतली नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हे ही पाहणी उंची-वजन विचारते आणि मोजतेही, म्हणून सांगण्या-मोजण्यातल्या फरकाची बरीच माहिती तिच्यातून मिळाली. १९८४ पासून तिथेच चालणारी बिहेव्हिअरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टीम ही टेलिफोनवरची पाहणी मात्र फक्त विचारते. या दोघींतले स्थूलतेचे आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ किंवा ‘वाढ झाली’ असं म्हणता येत नाही.

प्रश्न: आमच्याकडे भरून आलेल्या फॉर्मांत काहींची उंची ५.४, काहींची ५.१०, काहींची १६३ अशी आहे. सगळं एका पद्धतीत कसं आणायचं?

उत्तर: आधी मूळ फॉर्म जपून ठेवा, कारण खरा तोटा आकडे संगणकावर चढवताना होतो. ५.१० लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ५ फूट १० इंच, म्हणजे १७७.८ सेंटिमीटर. तक्त्याच्या रकान्यात तो आकडा गेला की शेवटचं शून्य गळतं, ५.१ उरतो आणि पुढचा माणूस तो ५ फूट १ इंच असा वाचतो: १५४.९ सेंटिमीटर. वजन ७५ किलो असेल तर बीएमआय २३.७ च्या जागी ३१.२ येतो. एक शून्य गळाल्याने सामान्य वजनाचा माणूस स्थूल ठरला. हा रकाना आकड्याऐवजी मजकूर म्हणून ठेवलात तर शून्य टिकतं.

५.४ चं दुखणं वेगळं आहे. ५ फूट ४ इंच म्हणजे १६२.६, पण कोणी ५.४ ला सरळ ३०.४८ ने गुणलं तर १६४.६ येतात. दोन सेंटिमीटरची ही चूक डोळ्यांना खटकत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत टिकते. पुढच्या फॉर्मवर फूट आणि इंच यांचे दोन वेगळे चौकोन ठेवा, इंचांच्या चौकोनात ११ च्या वरचा आकडा स्वीकारू नका, आणि ज्यांना सेंटिमीटर ठाऊक आहेत त्यांच्यासाठी तिसरा चौकोन द्या. त्याखाली ‘हे शेवटचं कधी मोजलं?’ आणि ‘माहीत नाही’ हे पर्याय हवेतच. ‘माहीत नाही’ नसेल तर लोक अंदाज ठोकतात, आणि तो अंदाज मोजमापासारखाच दिसतो.

जमा झालेली माहिती किती गोल केलेली आहे हे पाच मिनिटांत तपासता येतं. किलोमधल्या वजनांचा शेवटचा अंक पाहा. शून्य आणि पाच मिळून साधारण २० टक्के असायला हवेत. ते ४५-५० टक्के भरले तर एक तृतीयांश नोंदींच्या आसपास गोल केलेल्या आहेत असं समजा.

प्रश्न: घरच्या घरी उंची आणि वजन नेमकं कसं मोजावं? दर वेळी वेगळाच आकडा येतो.

उत्तर: उंचीसाठी आधी भिंत निवडा. बहुतेक भिंतींच्या तळाशी फरशीची पट्टी बाहेर आलेली असते, ती टाचा पुढे ढकलते आणि पाठ भिंतीला टेकायची तर माणूस मागे झुकतो. पट्टी नसलेली भिंत किंवा बंद दाराचं सपाट पान घ्या. खाली सतरंजी नको, टणक फरशी हवी.

बूट, मोजे, अंबाडा, केसातली क्लिप काढायची. टाचा जुळवून भिंतीला लावायच्या, नितंब आणि पाठीचा वरचा भाग टेकवायचा. डोकं टेकलंच पाहिजे असं नाही. महत्त्वाची आहे ती नजरेची रेषा: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा एका आडव्या रेषेत हवेत. हनुवटी वर उचललेला माणूस स्वतःला ताठ समजतो, पण त्याचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि आकडा चुकतो. दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगा. मग दुसऱ्या कोणीतरी सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक एक कड भिंतीला घट्ट लावून डोक्यावर उतरवायचं, केस दबेपर्यंत. खालच्या कडेशी पेन्सिलची बारीक खूण करायची आणि फरशीपासून खुणेपर्यंत पोलादी टेपने मोजायचं. शिवणकामाची टेप वापरून वापरून ताणते, ती नको. स्वतःच स्वतःच्या डोक्यावर पट्टी धरून खूण केली तर ती तिरकी होते.

तीनदा मोजा, प्रत्येक वेळी भिंतीपासून दूर होऊन पुन्हा उभे राहा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर उभं राहण्यात काहीतरी बदलतं आहे. वेळही लिहून ठेवा. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दिवसभराच्या भाराने कमी होतं आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच घटते. यातली बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होते.

वजनकाटा टणक, सपाट जागी ठेवा. मऊ पृष्ठभागावर तळ रुततो आणि आकडा बिघडतो. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन मधोमध उभे राहा. कपड्यांचं वजन अंदाजाने वजा करू नका, हलके कपडे घालणंच सोपं. दिवसभरात किलो-दीड किलो इकडेतिकडे होणं शरीराच्या दृष्टीने अगदी साधं आहे.

काटा खरा आहे का, हे पाण्याने तपासता येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रिकामा कॅन हातात घेऊन काट्यावर उभे राहा, मग त्यात मोजून ५ लिटर पाणी भरून पुन्हा उभे राहा. आकडा ५ किलोंनी वाढला पाहिजे. नुसता कॅन काट्यावर ठेवून ही परीक्षा होत नाही, कारण काटा आपल्या वजनाच्या आसपास खरा हवा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: अनेक डिजिटल काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळ असेल तर तोच पुन्हा दाखवतात. तीनदा तोच आकडा आला म्हणून काटा अचूक, असं नाही. मध्ये एकदा दुसरंच काहीतरी तोलून मग पुन्हा चढा.

प्रश्न: माझी आई ७२ वर्षांची आहे. ती उंची १६५ सांगते, मोजल्यावर १६० भरली. वजन ६२ किलो. बीएमआय कोणत्या उंचीवर काढायचा?

उत्तर: मोजलेल्या. १६५ धरले तर २२.८, १६० धरले तर २४.२. वयाबरोबर उंची घटते: तिशीपासून सत्तरीपर्यंत पुरुषांत सरासरी ३ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटर, पुढे वेग वाढतो. आईंनी सांगितलेली उंची बहुधा एकेकाळी खरीच होती. मात्र हा जादा बीएमआय चरबीमुळे आलेला नाही, उंची घटल्यामुळे आला आहे, हे ध्यानात ठेवून त्याकडे पाहा. पूर्वीच्या बीएमआयशी तुलना करायची असेल तर दोन्ही वेळच्या वजनांची तुलना करणं जास्त सरळ.

आमच्या मते तुमच्या पत्रातला खरा महत्त्वाचा आकडा बीएमआय नाही, ५ सेंटिमीटरची घट आहे. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल तर मणक्याचा एखादा भाग नकळत दबून मोडलेला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. असा अस्थिभंग पुष्कळदा दुखतही नाही. आठवणीतली १६५ ही संख्या टाकून देऊ नका, ती डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: मुलाच्या शाळेने पालकांकडून मुलांची उंची-वजनं मागवली आहेत. मुलगा चौदा वर्षांचा, धाकटी मुलगी चार वर्षांची. आठवणीतून लिहून दिलं तर चालेल का?

उत्तर: मोजूनच द्या. चौदाव्या वर्षी उंची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरसुद्धा वाढते, सहा महिन्यांपूर्वीचा आकडा चार-पाच सेंटिमीटरने जुना झालेला असू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत चूक प्रौढांच्या उलट होते: पालकांच्या मनातली उंची मागे राहते, म्हणून बीएमआय वाढलेला दिसतो आणि धडधाकट मूल लठ्ठ ठरतं. मुलांना २५ आणि ३० या सीमा लावायच्याच नसतात, वय आणि लिंगाप्रमाणे तक्ता पाहावा लागतो. त्यामुळे जन्मतारीखही नेमकी लिहा.

प्रश्न: गरोदरपणाआधीचं वजन मला नक्की आठवत नाही. नोंदीत अंदाजे आकडा दिला तर काही बिघडतं का?

उत्तर: बिघडू शकतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे गरोदरपणाआधीचा बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर एकूण वजनवाढ ११.५ ते १६ किलो, आणि २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो अपेक्षित धरतात. सीमेजवळ असाल तर दोन किलोंच्या अंदाजाने लक्ष्यच बदलतं. पहिल्या काही आठवड्यांत कुठेही मोजलेलं वजन सापडलं तर ते तारखेसह द्या, आठवणीतल्या आकड्यापेक्षा ते भरवशाचं.

प्रश्न: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची उंची नातेवाईक सांगतात तीच लिहावी लागते. दुसरा काही मार्ग?

उत्तर: गुडघ्याची उंची मोजा. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात वाकवून टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वाटीच्या थोडं वर, मांडीच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत. पायांची हाडं वयाने आखूड होत नाहीत, म्हणून यावरून तरुणपणची उंची जवळपास कळते. ते शक्य नसेल तर हात आडवा पसरून गळ्याखालच्या खळगीपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंतचं अंतर घ्या. दोन्हींवरून उंची काढायची सूत्रं वय, लिंग आणि लोकसमूहाप्रमाणे बदलतात, त्यामुळे कोणतं सूत्र वापरलं ते उंचीच्या आकड्याशेजारी लिहा. आणि औषधाचा डोस वजनावर ठरणार असेल तर नातेवाइकांनी सांगितलेलं वजन वापरू नका, खाटेखालचा किंवा उचलून तोलायचा काटा मागवून घ्या.